उधईला मुंगी म्हटलं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही, मोहिमेतल्या मैत्रिणींजवळ नाही, देवाजवळ तर नाहीच – त्याच्याशी माझं तसंही फार जमत नाही. तुमच्याजवळ बोलते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, बडोद्याच्या गोरव्यात कुठे आमचं पत्रक तुमच्या हातात पडलं असेल, तर मग तुम्हाला हे कळायलाच हवं.

मला सवय पत्रकं लिहायची. वर ठळक अक्षरात आरोप, खाली मुद्दे, शेवटी हाक – जागे व्हा, जाब विचारा! आरोप कायम दुसऱ्यावर. कंपनीवर, कमिटीवर, नगरसेवकावर. स्वतःवर पत्रक कसं काढायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही. म्हणून हे वेडंवाकडं होणार. होऊ दे.

आधी मोहिमेचं सांगते. सबब म्हणून नाही. ते सांगितल्याशिवाय मी काय केलं ते कळणारच नाही.

आमची सोसायटी गोरव्याच्या कारखान्यांच्या मागे. टेनामेंटच्या ओळी – भिंतीला भिंत लागलेली बैठी घरं, पुढे ओटला, मागे भांडी घासायची चोकडी, आणि सगळ्यांना मिळून एका बोअरचं पाणी. घरात कुठे मुंग्यांची रांग दिसली की लोक घाबरून पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचे. तो यायचा, भिंतीवर बॅटरी मारायचा, घरात कुणी गेल्यासारखा चेहरा करायचा आणि म्हणायचा, "उधई छे, बेन." वाळवीला आमच्या बडोद्यात सगळे उधईच म्हणतात, मराठी घरांतसुद्धा. एकदा उधई म्हटलं की संपलं! जमिनीत भोकं पाडायची, भोकांत औषध ओतायचं. औषध कसलं, विष. मागच्या गल्लीत एका घरात साध्या काळ्या मुंग्या होत्या. साध्या! त्यांच्यासाठी अख्खी फरशी भोसकून काढली, आणि त्या घरातलं रांगतं मूल उलट्या करून करून दवाखान्यात गेलं. कुणी जाब विचारला? कुणीच नाही. मी विचारला.

म्हणून मी पत्रक काढलं. 'आधी ओळखा!' एका बाजूला मराठी, एका बाजूला गुजराती. मुंगी आणि उधई ह्यांत लोकांचा घोटाळा होतो तो पंखवाल्या किड्यांत. पावसाळ्यात दोघींनाही पंख फुटतात. पण बघणाऱ्याला फरक स्पष्ट दिसतो. मुंगीला कंबर असते, चिमटीत धरून आवळल्यासारखी. उधईचं अंग डोक्यापासून शेपटीपर्यंत सरसकट. मुंगीच्या मिशा कोपरात वाकवलेल्या हातासारख्या, उधईच्या सरळ, बारीक मणी ओवल्यासारख्या. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे आखूड. उधईचे चारी पंख सारखे, अंगापेक्षा लांब, आणि नुसता स्पर्श झाला तरी गळून पडणारे. मुंगी उजेडात उघड चालते. उधई मातीचा बोगदा बांधून आतून जाते. लोक 'पांढरी मुंगी' म्हणतात, पण ती मुंगी नाहीच, नातं लावायचं तर झुरळाशी लागेल. हे सगळं मी चित्रं काढून, बाणबिण दाखवून लिहिलं होतं. पाठ होतं मला. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

म्हणजे – चुकून झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

शुद्धलेखन तपासलं होतं मंदाकाकूंनी. आमच्या भिंतीला भिंत त्यांची. मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, काका जाऊन बरीच वर्षं झालेली. "आरोप करतेस तर निदान ऱ्हस्व-दीर्घ तरी नीट कर, सायले. नाहीतर समोरचा वेलांट्या मोजत बसेल," असं म्हणून त्यांनी लाल पेनानं माझा कागद रंगवून परत दिला होता. त्यांची सून हेतल – गुजराती, वाघोडिया रोडचं माहेर, माझ्याच वयाची. पत्रकाची गुजराती बाजू तिनं लिहून दिली होती. आम्ही दोघी घरोघर फिरलो होतो. ती गोड बोलायची, मी भांडायचे. "तू चूप रहे ने," ती मला म्हणायची, "तू बोललीस की लोक दार लावतात."

कमिटीनं ठराव आणला – एकेक घर नको, सगळ्या सोसायटीच्या खाली एकदम औषध. सभा रविवारी. शनिवारी दिवेलागणीला काकूंनी ओटल्यावरून हाक मारली.

पावसाची उघडीप होती, हवा कोंदलेली. त्यांच्या पुढच्या खोलीत ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे नुसते घोंघावत होते. सगळेच करतात तशी काकूंनी दिव्याखाली पाण्याची परात ठेवली होती. त्यातले काही किडे वाटीत काढले होते. वाटीशेजारी भिंग, भिंगाशेजारी माझं पत्रक. पेपर तपासायला बसाव्यात तशा बसल्या होत्या.

"बघ गं. तुझ्या कागदाप्रमाणे ही उधई आहे. चारी पंख सारखे. आणि कंबर कुठे आहे? शोधून दमले मी."

मी भिंग घेतलं. किती वेळ लागला असेल? लागलाच नाही. चारी पंख सारखे होते. मिशा सरळ होत्या. मग काकूंनी मला हिंचका दाखवला – झोपाळा – संखेड्याचा, लाखेच्या तांबड्या रंगाचा, त्यावर सोनेरी नक्षी. छताला टांगलेला नाही, स्वतःच्या लाकडी खांबांवर उभा. काकांनी हौसेनं आणलेला. त्याच्या भिंतीकडच्या खांबापाशी फरशीवर गळलेल्या पंखांचा ढीग होता. आणि खांबामागच्या भिंतीवर मातीची एक बारीक वाट चढत गेलेली. म्हणजे किडे बाहेरून दिव्यावर आलेले नव्हते. घरातूनच निघत होते. त्या खांबाच्या बुडातून.

आता सांगते, मी तेव्हा काय म्हणायला हवं होतं. "काकू, बरोबर ओळखलंत, उधई आहे. हिंचका ओढून बाहेर काढा, सुताराकडून खांब ठोकून बघा, तेवढ्याच जागेला औषध लावा. अख्ख्या सोसायटीत विष ओतायची गरज नाही." इतकंच! हे माझ्याच पत्रकात लिहिलेलं होतं. माझी मागणी तरी दुसरी काय होती? जिथे आहे तिथेच उपाय करा. मोहीम काही बुडाली नसती. बुडाली असती तर मी. कारण दुसऱ्या दिवशी सभेत सेक्रेटरी उभा राहिला असता आणि म्हणाला असता, ह्या बेन सांगतात आपल्याकडे उधई नाही, आणि ह्यांच्या भिंतीपलीकडेच वारूळ निघालंय. लोक हसले असते. मला ते हसणं आधीच ऐकू आलं.

"मुंग्याच आहेत, काकू," मी म्हटलं. "उडणाऱ्या. पाण्यात भिजले की पंख सारखेच दिसतात."

"आणि ही माती?"

"ओल आली असेल. आणि तुमचा हिंचका सागाचा ना? सागाला कधी उधई लागते का?"

सागाच्या गाभ्याला सहसा लागत नाही. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला लागते, आणि वरून लाख चढवली की आत गाभा किती आणि पांढरं किती, कोण बघायला जातंय! हेही मला माहीत होतं. काकू अजून भिंगातून बघतच होत्या. मुलाची वही परत एकदा तपासावी तशा. म्हणून मी वर टोमणा मारला. "काकू, चष्म्याचा नंबर तपासून घ्या आता." हेतल स्वयंपाकघरातून हसत ओरडली, "मम्मी, एक्सपर्ट बाजूमां छे ने, पछी शुं?" – शेजारीच आहे, मग काय! काकूही हसल्या. वाटी चोकडीत ओतून आल्या. आणि खरंच पुढच्या आठवड्यात डोळे तपासून नवा चष्मा घेऊन आल्या. मला म्हणाल्या, डॉक्टर म्हणतो विशेष फरक नाही, पण आपण बदललेला बरा.

तेव्हा तरी बोलायचं होतं. नाही बोलले.

सभेत मी बोलले. खूप बोलले! हेतलला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. तिला न विचारता मी तिच्याकडे बोट करून म्हटलं, "ह्या सोसायटीत गरोदर बाया आहेत, त्यांच्या पायाखाली विष ओतणार तुम्ही?" टाळ्या पडल्या. ठराव पडला. पेस्ट कंट्रोलवाला मुंगीला उधई म्हणायचा ते धंद्यासाठी. मी उधईला मुंगी म्हटलं ते टाळ्यांसाठी. त्याच्यावर मी पत्रक काढलं होतं, लबाड म्हणून.

विष वाईटच. ते मी आजही म्हणते, उद्याही म्हणेन. मुद्दा खरा होता. पण खरा मुद्दा हातात असला की माणसाला वाटतं आपल्याला सगळं माफ आहे – निदान मला वाटलं.

पुढचे महिने मी काय विचार करत होते? खरं सांगू – काहीच नाही. किडे त्या एका संध्याकाळी निघाले आणि संपले, मातीची वाट काकूंनी ओल समजून पुसून टाकली. हिंचका तसाच झगमगत उभा. उधईचं असंच असतं, वरचा पापुद्रा सोडून ती आतलं खाते. हे वाक्यही पत्रकातलंच.

दिवाळीनंतर हेतलला सातवा लागला. काकूंना डोहाळजेवण आपल्या पद्धतीनं करायचं होतं – हिरवी साडी, फुलांचे दागिने, आणि गर्भारशीनं हिंचक्यावर बसायचं, एकेकीनं येऊन झोका द्यायचा. हेतलच्या माहेरी खोळो भरतात, म्हणजे ओटीच, पण हिंचक्याचं एवढं नसतं. तिला भारी मजा वाटत होती. "मी क्वीनसारखी बसणार आणि तुम्ही सगळ्या धक्के मारणार," म्हणाली. हिंचका सजवायचं काम माझ्याकडे आलं. झेंडूच्या माळा, शेवंती, थोडी आंब्याची पानं.

भिंतीकडच्या खांबाला माळ गुंडाळताना मी अंगठ्यानं दाबून धरली. आणि अंगठा आत गेला.

लाख पापडासारखी मोडली. आत लाकूड नव्हतं. माती होती, कोरडी, भुसभुशीत, आणि त्यात काहीतरी हललं. मी हात काढून घेतला. खोलीत कोण होतं? कुणीच नाही. काकू पुरणाशी, हेतल आत साडी नेसत. बाहेर ओटल्यावर चपला निघायला लागल्या होत्या.

ओरडायचं होतं. 'बसू नका!' इतकंच. कारण कुणी विचारलं असतं तर मग सांगितलं असतं. पण मला तो प्रश्नच आधी ऐकू आला – काय गं, तू तर म्हणाली होतीस मुंग्या आहेत? तसंच ऐकू आलं, जसं सभेतलं हसणं आलं होतं. मी मनाशी म्हटलं, बाकीचे खांब मजबूत आहेत. इतकी वर्षं उभा आहे. तासाभराचा तर प्रश्न. उद्या काकूंना बाजूला घेऊन सांगू.

आणि मी त्या भोकावर झेंडूची माळ बांधली. दुहेरी.

हेतल येऊन बसली. सुंदर दिसत होती, हे लिहायचा मला काय हक्क, पण दिसत होती. बायकांनी गाणी म्हटली. एकेक जण येऊन ओटी भरत होती, झोका देत होती. मलाही ढकललं पुढे, "चल गं, मैत्रीण ना तू!" मी दिला. सगळ्यांपेक्षा हळू दिला. ह्याला तुम्ही काय म्हणाल? मला शब्द सापडलेला नाही.

माझ्यामागून तिची मावससासू आली, दांडगी बाई, तिनं थट्टेत जोरात दिला. खांब बुडातून गेला. आवाज मोठा नव्हता. वरचा आडवा दांडा आधी कलला, मग अख्खा हिंचका हेतलसकट भिंतीच्या बाजूला आला, आणि तो दांडा तिच्या अंगावर पडला. हिरव्या साडीवर माती, आणि मातीत ते पांढरे किडे – उजेड नको असलेले, सैरावैरा. काकू हातांनी ते झाडत होत्या. तिला उचलायचं सोडून आधी किडे झाडत होत्या.

मुलगी होती. जगली नाही. हेतल वाचली.

तुम्हाला वाटेल हाच तो गुन्हा. मलाही तसंच वाटलं असतं, जर पुढचं घडलं नसतं.

दवाखान्याच्या पॅसेजमध्ये हेतलची आई काकूंसमोर उभी राहिली. रडत नव्हती. "घरात उधई आणि तुम्हाला दिसली नाही? शिक्षिका ना तुम्ही?" काकूंचा मुलगा, हेतलचा नवरा, मध्ये पडला, म्हणाला, पावसाळ्यात सायलीला दाखवले होते किडे, ती मुंग्या म्हणाली होती. सगळे माझ्याकडे वळले. मला वाटलं, झालं – आता निघेल. आणि जरा सुटल्यासारखंही वाटलं.

तेवढ्यात काकूच बोलल्या. "तिची नका चूक काढू. तिनं वाटीतले पाहिले. मी ओटल्यावरच्या दिव्याचेही त्यात मिसळले असतील, आता आठवत नाही. दिसतंय कुठे मला नीट? भिंतीवर माती होती, तीही मीच पुसली." आणि माझ्याकडे बघून, खऱ्याखुऱ्या मायेनं – "हो ना गं? वाटीत मुंग्याच होत्या ना?"

त्या मला वाचवत नव्हत्या. त्यांना तसंच वाटत होतं. माझ्यासारखी, त्यांनी शुद्धलेखन तपासलेली मुलगी खोटं बोलेल, ह्यापेक्षा स्वतःचे डोळे खोटे, हे त्यांना सोपं गेलं.

मी म्हटलं, "हो काकू. वाटीतल्या मुंग्याच होत्या."

वाटीत एकही मुंगी नव्हती.

हे ते. ह्याच्याभोवती मी इतका वेळ फिरत होते. पहिलं खोटं मी मोहिमेच्या नावावर टाकू शकते, माळ घाबरटपणाच्या नावावर. हे कशाच्या नावावर टाकू? एक म्हातारी बाई नातीच्या मरणाचं ओझं आपण होऊन उचलत होती, आणि मी ते तिच्या डोक्यावर नीट बसवून दिलं. कुणी माझा हात धरला नव्हता. पुढे सभा नव्हती, टाळ्या नव्हत्या. फक्त 'नाही' म्हणायचं होतं.

हेतल माहेरी गेली ती परत आली नाही. नवरा तिकडेच राहायला गेला. काकूंशी ती बोलत नाही. माझ्याशी बोलते. फोन करते, मोहिमेचं विचारते. एकदा म्हणाली, "मम्मीने त्या दिवशी तुला बरोबर किडे दाखवले असते तर…" मी गप्प राहिले. तिला वाटलं, मी रडतेय.

मोहीम चालू आहे. मी अजून घरोघर जाते, वाटीत किडे घेऊन बायका येतात आणि मी त्यांना कंबर दाखवते, मिशा दाखवते. आता खोटं सांगत नाही. त्यानं काही भरून येत नाही, ते मला कळतं.

हेतल, तुझ्या सासूनं मला बरोबर किडे दाखवले होते. तिनं ओळखलेही होते. मीच त्यांना मुंग्या म्हटलं.

गेल्या आठवड्यात आमच्या ओळीत एकीचं डोहाळजेवण झालं. काकूंना बोलावणं नव्हतं. असल्या कार्याला त्यांना आता कुणी बोलवत नाही. त्यांच्या हाताचं नको वाटतं लोकांना, तोंडावर कुणी म्हणत नाही इतकंच. मला बोलावणं होतं. मी गेले. पंगतीला बसले, जेवले. परत येताना काकू ओटल्यावर एकट्याच बसलेल्या.

"काय काय होतं गं जेवायला?" त्यांनी विचारलं.

मी एकेक पदार्थ सांगितला.